पाणवाटेतले गज

आप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हडपसरच्या ऑफिसात मी शेतांचे नकाशे करते. पाऊस, उतार, माती, पीक एवढं भरलं की कुठली माती वाहून जाणार ते कॉम्प्युटर लाल रंगात दाखवतो. गेल्या वर्षी सहज आपलं वाघोलीपलीकडचं उसाचं रान त्यात घातलं. लाल रेघ विहिरीपासून निघाली, मध्येच विनाकारण डावीकडे वळली आणि ओढ्याला मिळाली. ते वळण मी ओळखलं आणि खुर्चीतून उठलेच.

मी आठ वर्षांची आहे. तुम्ही उसामधल्या पाणवाटेत लोखंडी गज ठोकताय, अगदी मातीच्या बरोबरीने, त्याच वळणाने. मी एक उपटते. तुम्ही कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडता. मग जवळ बसवून म्हणता, "जमीन चाललीया. किती गेली ते कळाया नको?" मी गज मोजते. सात.

त्या रविवारी रानात गेले. ऊस तुटून गेला होता, दादाने वाळल्या पाल्याचं पाचट जाळल्यामुळे सगळं काळं पडलं होतं. सातही गज गुडघ्याएवढे उघडे उभे होते. त्यांच्या मध्येमध्ये आणखी चार, कमी-जास्त वर आलेले, शेवटचा जेमतेम बोटभर.

"हे तू ठोकलेस?" मी दादाला विचारलं.

"मी कशाला ठोकू? दोन-चार वर्षांनी एखादा आपोआप वर येतो. मी एकटा नाही जात तिकडं."

मी वाकून बोटभराचा गज हलवून पाहिला, तो जागचा हलला नाही. हे चार तुम्ही खड्डे करून खोल पुरले होते, कधीतरी, कुणाला न सांगता. माती कुठवर जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही गेल्यावरही ते एकेक करून वर येत राहिले.

"यापुढे पाचट जाळायचं नाही," मी म्हटलं.

"उंदीर होतात."

"होऊ देत."

दादा गजांकडे बघत राहिला आणि हो म्हणाला. जुन्या बुडख्यांचा खोडवा मोडून नव्या सऱ्या उताराला आडव्या पाडल्या, त्यांत पाचट अंथरलं, पाणवाटेत गवत लावलं. यंदा पाऊस जोराचा झाला, तरी आपल्या रानातून पाणी निवळ उतरलं. दिवाळीत जाऊन पाहिलं. नवा गज एकही वर आला नव्हता. दादा कितीतरी वर्षांनी तिथे निवांत बसला.

हे पत्र कुठे पाठवणार, ऑफिसच्या खणात ठेवते. फक्त एक कबूल करायचंय. दादा चहा आणायला घरात गेला, तेव्हा मी गवत बाजूला सारून बोटांनी माती उकरत होते. बराच वेळ. अजून एखादा असेल म्हणून.