स्वराची कावीळ

१६ सप्टें., मंगळ.
नातीचे, स्वराचे, डोळे पिवळे झाले. सातवे वर्ष आहे. अंग खाजवून रक्त काढते. सूनबाई रेश्मा म्हणाली, आधी रक्त तपासू. मी म्हटले, कावीळ दवाखान्यात उतरत नसते. रिक्षाने कळव्याहून कोपरीला नेली. तिथे काविळीची माळ देणारी म्हातारी आहे, तिने डोक्यावर औषधी मुळ्यांची माळ घातली. कावीळ उतरते तशी माळ वाढत खाली येते. तेल-तूप बंद. मुलगा महेशने तुपाचा डबा वर ठेवून दिला. घरात माझा शब्द मोडत नाहीत.

२० सप्टें., शनि.
माळ कानांवरून गळ्यात आली. कावीळ उतरतेय म्हणून शेजारी सांगून आलो. स्वरा आरशात बघून म्हणते, मी नवरी दिसते. रेश्मा म्हणे, तिची शी चुन्यासारखी पांढरी होते. पथ्याने होत असेल म्हटले. पण जीव थाऱ्यावर नाही.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना.
माळ छातीवर, पोर मात्र हळदीसारखी. पोट धरून रडली. महेशने माळ कापली, ठाण्याला मोठ्या इस्पितळात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिव्हर चांगले आहे. पोटात मागे स्वादुपिंड असते, ते सुजून पित्ताची नळी दाबली गेली. लहान मुलांत फार क्वचित. काय खाल्ल्याने झाले विचारले. कशानेच नाही म्हणाल्या. इतके दिवस काय केलेत, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले तेव्हा रेश्माने माझे नाव घेतले नाही. घेतले असते तर बरे होते.

२५ सप्टें., गुरु.
तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत प्लास्टिकची बारीक नळी बसवली. तपासायला स्वादुपिंडाचा तुकडा काढला. माझी पोर केवढीशी ती. अंगारा लावायला गेलो, रेश्माने हात धरला. "बाबा, आता काही करू नका. नुसते बसा."
बसलो.

३० सप्टें., मंगळ.
खाज कमी, डोळे जरा निवळले. तुकड्यात वाईट काही दिसले नाही, पण तुकडा लहान, खात्री देत नाहीत. सूज असेल तर गोळ्यांनी बसेल. गाठ असेल तर गोळ्यांत वेळ जाईल, मग मोठे ऑपरेशन, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. डॉक्टरीणबाईंचा कल गोळ्यांकडे, पण गोळ्या की लगेच ऑपरेशन, हे आईबापांनी ठरवून उद्या सकाळी सांगा म्हणाल्या.
महेश बाकावर शेजारी येऊन बसला. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" रेश्माही थांबली.
पाणी आणतो म्हणून उठलो. नळाशी बाटली भरून वाहू लागली, तेव्हा नळ बंद केला. परत आलो तरी दोघे माझ्याकडेच बघत होते.