दसऱ्याचा चौकोन

११ सप्टेंबर २०२२

बंद केली! माझी विनंती सरळ बंद करून टाकली. मागितलं काय होतं? आमच्या मोफत, खुल्या कोडच्या कॅलेंडर ॲपमध्ये, दसऱ्याच्या चौकोनात, ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ एवढे तीन शब्द. उत्तर आलं — ‘इथे राजकारण नको.’ वर हेही, की त्या चौकोनात आधीच दसरा आहे. अरे, एकादशी, पंचक आणि कुठल्याशा महाराजांची पुण्यतिथी बरी मावते एकाच चौकोनात! तीन वर्षं फुकट राबतेय मी. तिथींचं सगळं गणित माझं. ते चालतं.

१२ सप्टेंबर

गोलूला फोन केला. मोहाडीला एकाच वर्गात होतो आम्ही. ॲपमध्ये मंजुरी देणाऱ्या चौघांत तो आहे. म्हटलं, तुझ्या एका क्लिकचं काम. तर म्हणे, “मले दोन्हीकडच्याईसोबत राहा लागते ना मनाली. उद्या जो तो आपला दिवस घेऊन येईन. कायले भांडून राहिली? कोड तं सगळ्याईचाच हाये. आपली कॉपी काढ, आपलं वेगळं चालव.”

वेगळं! दर दसऱ्याला याच्याच घरी सोनं द्यायला जाते मी.

१३ सप्टेंबर

जेवताना बाबांना सांगितलं. चिखल्याच्या मँगनीज खाणीत जन्म गेला त्यांचा, ॲपबिप कळत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुया आज्यालेही गावातले असंच म्हणत. तुमच्यासाठी वेगळी विहीर खोदून देतो न बा, पाणी तं सारखंच हाये.” आणि भात कालवत राहिले.

नाही काढणार कॉपी. मरेन, पण नाही!

२४ सप्टेंबर

ॲपच्या ऑनलाइन चर्चेत नुसती हाणामारी. एकजण मला घुसखोर म्हणतो. दुसरा माझ्या बाजूचा — तो मलाच क्रांती शिकवतो! मला काय हवंय, हे एकानंही विचारलं नाही. गोलूनं लाइकचा अंगठा दिला. दोघांनाही.

५ ऑक्टोबर

दसरा. ॲप उघडलं. चौकोनात काय? दसरा, सीमोल्लंघन, शस्त्रपूजन. मावले की तीन!

घरचे पांढरे कपडे घालून विहारात गेले. मी गेले नाही. गोलूकडेही नाही. बसून कॉपी काढली. काढलीच शेवटी. रडू आलं, रागाचं.

१९ ऑक्टोबर

माझ्या वेगळ्या ॲपला पहिली विनंती आली. आंबागडचा श्रावण म्हणून कोणी, गोंड समाजाचा. ‘ताई, तुमचं भांडण वाचून हिंमत आली. कचारगडची जत्रा आणि आमचे सण टाकाल का?’ खाली ही लांब यादी. अर्ध्या सणांच्या तारखा गावागणिक वेगळ्या. गणित कसं बसवायचं? आधीच डोकं फुटायला आलं होतं. लिहिलं — ‘जो तो आपला दिवस घेऊन आला तर यादी संपायची नाही. कोड खुला आहे, तुमची कॉपी काढा.’

पाठवून दिलं.

२० ऑक्टोबर

श्रावणचं उत्तर — ‘बरं, ताई.’

बाबा विचारत होते, “कोणाचं आलं व?”

कोणाचं नाही, म्हटलं.