तळ्यात सोडलेले जंतू

निफाड, रविवार, ऑक्टोबर २००३

आज तळ्याच्या पाण्याला वास नव्हता. तीनदा ओंजळ नाकाशी नेऊन पाहिली.

महिन्यापूर्वी रोज सकाळी पाच-सहा रोहू मरून वर आलेले असायचे आणि पाण्याचा कुजका वास घरापर्यंत यायचा. शेततळ्यात मासे पाळायचं खूळ माझं, त्यामुळे कुणी बोललं नाही तरी मला ऐकू यायचं. औषध टाकून झालं, उपयोग शून्य. हे म्हणाले, "तळं रिकामं करू."

तेव्हा नाशिकच्या इंदिरानगरहून नणंद आली. सुमन कॉलेजात जंतूंचाच विषय शिकवते. म्हणाली, "वहिनी, तळाशी उरलेलं खाद्य कुजतंय. ते खाऊन टाकणारे चांगले जंतू सोडू. आणि खाद्य निम्मं करा."

सासरे हसले. "मासे मरून राहिले, त्यात तू अजून जंतू सोडती?"

ती दर रविवारी येऊन पाकिटातली भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून ओतत राहिली. गुण जंतूंचा की खाद्य कमी केल्याचा? ती म्हणते, दोन्हींचा. काही असो, वास गेला, मासे मरायचे थांबले.

आज निघताना तिला म्हटलं, "तुझे उपकार कसे फेडू?"

"कसले उपकार? एमएस्सीची दोन वर्षं पहाटे उठून मला डबा तुम्हीच दिलात."

दिला खरा. पण मुलीला एवढं शिकवून काय करायचंय, असं पुटपुटत दिला. स्वयंपाकघर केवढंसं, तिला ऐकू जातच असणार. तिने फक्त डबा लक्षात ठेवला.