मुकी पट्टी

माझ्या खडूस मामास,

आभार मानले की तू फोन ठेवून देतोस, म्हणून हे लिहितेय. पाठवणार नाहीच.

परवा एका तरुण जॅझवादकाला ऐकलं. चांगला नवाकोरा पियानो, तरी थेट तुझ्यासारखा मधेच एक स्वर गाळून तो पुढे जात होता. तुझ्या रेकॉर्डी ऐकून आता सगळेच तसं वाजवतात. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "काय खोल विचार आहे!" मला हसू आवरेना. तू ज्या हॉटेलात वाजवायचास, तिथल्या पियानोची ती पट्टीच मुकी होती आणि मालक काही केल्या दुरुस्त करत नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

लहानपणी त्याच पट्टीवर अडून मी भोकाड पसरलं होतं. तेव्हा तू म्हणालास, "अगं, ती गेली तर गेली. तिची जागा मोकळी सोड आणि पुढे चल. बाकीच्या बसल्यात ना तुझी वाट बघत!"

गेल्या आजारपणात माझी डावी करंगळी लुळी पडली, ती कायमची. तुला कळवलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, वाजवणं विसरा. घरी येऊन मी पियानोपुढे बसले, तिची जागा मोकळी सोडली आणि पुढे गेले. अख्खं गाणं वाजलं रे मामा!

उद्या तुझ्या वाढदिवसाला फोन पियानोवर ठेवून तेच वाजवेन. स्वर कुठे खाल्लास म्हणून तू ओरडशीलच. मी सांगेन, आमच्याही पियानोची एक पट्टी गेलीय.

तुझीच,
रडूबाई