चारशे व्होल्टचा कंडेन्सर

आई, आज दुपारी तुझ्या नातीबरोबर जेवणाच्या टेबलावर जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर मांडून बसलो होतो. तू तिला पाहिलं नाहीस. सतरा वर्षांची आहे, गिटार वाजवते आणि तुझ्यासारखीच कुणाचं पटकन ऐकत नाही. कपॅसिटर किती व्होल्ट सोसणारा घ्यायचा, यावर आमचं चाललं होतं. तू त्याला शेवटपर्यंत कंडेन्सरच म्हणालीस, म्हणून मीही तेच म्हणतो. अँप्लिफायर चालू असताना मोजलं तर तीनशे साठ व्होल्ट भरले. ती म्हणाली, मग चारशेचा पुरेल की, बाबा. आणि मला आपलं नाशिकरोडचं स्वयंपाकघर आठवलं.

खिडकीखाली तुझं टेबल, एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला सोल्डरिंग आयर्न. फोडणीचा वास कुठला आणि सोल्डरचा कुठला, ते पाहुण्यांना कळायचं नाही. कॉलनीतले रेडिओ, भजनी मंडळाचा अँप्लिफायर, सगळं तुझ्याकडे यायचं. चर्चमध्ये गिटार वाजवणाऱ्या काकांनी तर नवा अँप्लिफायरच तुझ्याकडे बांधायला दिला. तो होत आला आणि तू लग्नाला नांदगावला गेलीस. पाचशे व्होल्टचे दोन जाडजूड कंडेन्सर बाजूला काढून ठेवले होतेस. मी नुकता इंजिनिअर झालेला, शहाणपण उतू चाललेलं. तेच तात्पुरते जोडून, अँप्लिफायर चालू करून मोजलं, तीनशे साठ. म्हटलं, आईला गणित कुठलं जमायला, ती आपली अंदाजाने मोठं घेते. माझ्याकडचे चारशेचे, सुबक दिसणारे लावले, तुझे खोक्यात टाकले आणि झाकण बसवलं. तू परत आलीस, झाकण उघडून पाहिलंही नाहीस. मी केलंय म्हणजे नीटच असणार, असं धरून चाललीस.

दहा दिवसांनी काका दारात उभे. सरावाला बटण दाबल्या दाबल्या आत काहीतरी फुटलं, हॉलभर धूर झाला. तू झाकण काढलंस. आत फुटलेल्या कंडेन्सरमधले कागदाचे कपटे आणि माझे सोल्डरचे गबाळे गोळे. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि काकांना म्हणालीस, "माझंच चुकलं. कंडेन्सर मीच निवडला होता." मी ब्र काढला नाही.

ते गेल्यावर तू ओरडली नाहीस. तुझे पाचशेचे लावलेस, सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवलेस, बटण दाबलंस आणि मीटर माझ्यापुढे सरकवलास. चारशे चाळीस. "व्हॉल्व्ह तापेपर्यंत करंट ओढत नाहीत. तोवर सगळं व्होल्टेज कंडेन्सरवर येतं," तू म्हणालीस. "रिकामं असतानाचं मोजायचं आणि त्याच्या वरचा घ्यायचा."

एवढंच. पण काकांनी ती गोष्ट चारचौघांत सांगितली आणि दुरुस्तीला येणारं काम हळूहळू थांबलं. तुझ्या टेबलावर धान्याचे डबे आले. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस, म्हणून मीही नाही. सोयीचं होतं ते. मला त्याची फार लाज वाटते, आई.

तेच काका आता म्हातारपणी तुझ्या नातीला गिटार शिकवतात. आज व्हॉल्व्ह काढून मोजायला सांगितल्यावर ती सहज म्हणाली, "सर सांगत होते, आजीचा हात चांगला होता, पण त्यांच्या अँपमध्ये तिची चूक झाली." मग मला राहवलं नाही. चूक माझी होती, आजीने ती स्वतःवर घेतली, सगळं सांगून टाकलं. सरांनाही जाऊन सांगेन म्हणालो. तिने हातातला कंडेन्सर खाली ठेवला.

"आजीजवळ तरी कबूल केलंस ना, बाबा?"

मी हो म्हणालो. ती निर्धास्त होऊन पुन्हा कामाला लागली. मी आतल्या खोलीत येऊन हे लिहायला बसलो. कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहणार. चुकलं माझं, आई.