मोहाच्या पाण्याचा चुना

मोहर्ली, ४ एप्रिल १९५४

आता भिंतींवर आलं! लग्नाला वर्ष होत आलं, पण वच्छला अजून भांदकलाच, बापाच्या घरी. मामाजींची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची, दर खेपेला नवी सबब. आधी म्हणाले, मोहर्लीत वाघ आहे. मग म्हणाले, विहीर लांब आहे. आज निरोप आला की मास्तरच्या घराच्या भिंती धुरानं काळ्या आहेत, असं ऐकतो. स्वतः येऊन पाहीन, मगच पोरगी पाठवायचं ठरवीन.

ठीक आहे. वाघ मला हलवता येत नाही, विहीरही नाही. भिंती मात्र माझ्या हातात आहेत!

६ एप्रिल

दोन्ही खोल्या झाडल्या. आढ्याला माझ्याआधीच्या मास्तरांच्या काळची काजळी. बाहेर आलो तर शेजारचा जंगू मला ओळखेना.

७ एप्रिल

चुन्याच्या कळ्या भिजवल्या. काय रटरटल्या! नुसता चुना मारला की पाठ टेकताच सदरा पांढरा होतो, म्हणून आमच्या वरोऱ्याकडे त्यात गुळाचं पाणी घालतात. इथं गूळ बाजाराच्या दिवसाशिवाय मिळत नाही. डोकं चालवलं – गूळ गोड, मोहफूलही गोड! जंगूच्या अंगणात टोपल्या भरल्या आहेत. फुलं उकळली, पाणी गाळून मडक्यात ठेवलं. जंगू म्हणाला, "मोहाचं पाणी भिंतीले? मंग तोंडाले काय?"

हसू दे.

१० एप्रिल

मध्ये पोरांच्या परीक्षा आल्या, मडकं तसंच राहिलं. आज झाकण काढलं तर वर फेस. वास जरा उग्र. पण दुसरं करायला सवड कुठे? ओतलं चुन्यात!

११ एप्रिल

शिंदीचा कुंचा घेऊन सकाळपासून लागलो. ओला चुना भिंतीवर दिसेचना. वाटलं, मेहनत पाण्यात गेली. दुपारी वाळला आणि खोली अशी उजळली! मागच्या खोलीच्या चुन्यात थोडी नीळ टाकली. तिथं कोणी निजायचं नाही, पण हौस. एकटाच मोठ्यानं गात होतो. वच्छला ऐकायला नव्हती ते बरंच झालं.

१३ एप्रिल

वास जाईना! अगदी दारूच्या भट्टीचा वास. दारं-खिडक्या उघड्या टाकल्या तर उलटाच परिणाम – एक गाडीवान आत डोकावून भाव विचारून गेला. मी सुपारीसुद्धा खात नाही!

आणि येणार कोण? मामाजी – भांदकच्या भजनी मंडळाचे गुणवंतराव! तरुणपणी पीत असत. मामी वारल्या तेव्हा लहानग्या वच्छलासाठी त्यांनी दारू एका दिवसात सोडली. तेव्हापासून पिणाऱ्याच्या घरचं पाणीही घेत नाहीत. म्हणजे झालंच. कुंचा घेऊन मी माझ्याच संसारावर चुना फिरवला. तिची फार आठवण येते आहे. आज जेवलो नाही.

१८ एप्रिल

मामाजी आले. उंबऱ्यातच थबकले. नाक वर. खाटेखाली पाहिलं, मडकं हुंगलं. मी सगळं खरं तेच सांगितलं, पण सांगता सांगता मलाच ते खोटं वाटू लागलं. शेवटी जंगू दारातून म्हणाला, "गुरुजी नाई पेत, भाऊ. भिंत पेली."

मामाजींनी भिंतीला बोट लावलं. जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

मग मागच्या निळ्या खोलीत जाऊन भिंतीला पाठ टेकून बसले. पाणी मागितलं! मी केलेली करपकी भाकर खाल्ली. ऊन उतरलं तरी उठेनात. ही खोली कोणाची, असं विचारलं. कोणाचीच नाही म्हणालो. निघताना मी त्यांचा सदरा मागून निरखला – चुन्याचा एक डाग नाही! पण वच्छलाचं विचारलं तर "पायतो" एवढंच म्हणाले, आणि गाडी गेली.

२५ एप्रिल

निरोप नाही. जंगू रोज भिंतीची तब्येत विचारतो.

२ मे

वच्छला आली! गाडीतून आधी तिची पेटी उतरली, मग एक वळकटी, मग मामाजी. चुलीपाशी ती हळूच म्हणाली, "वाघाचं नाई न् भिंतीचंबी नाई. मी गेली का बाबाले घर खायले उठते. पण सांगावं कसं?"

निळ्या खोलीतून मामाजींचा आवाज आला, "जावईबापू, पुढच्या साली चुना माराल तं इथी मोहाचाच मारजा."