वेलांटीला फोडण्याची मोहीम

१२ जानेवारी, रविवार, दुपारी १.१५

आज भर कॉलनीत माझा अपमान झाला. सगळं टिपून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही.

सकाळी मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली. कुणीही कुत्रं मोकळं सोडू नये, दारात घाण होते. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण आमच्या गल्लीत पाळलेलं कुत्रं एकच, शेजारच्या जंजाळ सरांचं. आप्पासाहेब जंजाळ, मराठीचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी माझ्या सूचनेची प्रिंट काढली, लाल पेनानं तपासली आणि फोटो ग्रुपवर टाकला. 'सुचना'खाली रेघ, 'रहीवाशी'खाली रेघ, 'विनंति'खाली दोन रेघा. एकूण अकरा चुका. वर शेरा: "वीसपैकी नऊ. पुन्हा लिहून आणा."

त्रेचाळीस जण हसले. त्यात एक अंगठा संध्याचा. माझी बायको. म्हणते, चुकून लागला.

मी गोकुळ औताडे. एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर. मी माइकवर सिल्लोड म्हणालो की अख्खं स्टँड सिल्लोडच्या गाडीकडं पळायचं. तिथं ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारलं नाही.

एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी सहाला या माणसानं माझ्या ओट्यावर चहा पिला. आजपासून बंद. बदला घेणार. लई मोठा घेणार.

१३ जानेवारी

सहाला सर फाटकापर्यंत आले. मी आत जाऊन पंखा पुसत बसलो. थोडा वेळ थांबून गेले. पहिला वार बसला.

शब्दकोश आणला. आता प्रत्येक शब्द बघून लिहितोय. घाबरून नाही.

१५ जानेवारी, सकाळी ६

बदल्याचे पर्याय. तक्रार अर्ज: लिहावा लागेल, म्हणून नको. समोरासमोर भांडण: सर अडुसष्ट वर्षांचे, डिसेंबरात बाथरूममध्ये घसरून पडलेले. लोक मलाच नावं ठेवतील.

मग आंघोळ करताना सुचलं. सर एकटे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी तनुजा नाशिकला. घरात त्यांचं म्हणावं असं माणूस एकच, ती कुत्री. तीच फोडायची. आमदार फोडतात तशी. खायला घालायचं, विश्वासात घ्यायचं, आणि एक दिवस भर गल्लीत सरांनी हाक मारली की ती माझ्याकडं पळत येणार. अख्खी कॉलनी बघणार.

तीन महिने पुरेत.

१६ जानेवारी, सकाळी ७.१०

मोहीम सुरू. आमच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीला सरांच्या बाजूनं एक भगदाड आहे. तिथून ती रोज सकाळी येते आणि माझ्या शेवग्याखाली बसते.

शत्रूचं वर्णन: मांजरापेक्षा थोडी मोठी. अंगावर पामेरियनचे केस, पाय अर्धेच दिल्यासारखे, तोंड साफ गावठी. उजवा कान उभा, डावा पडलेला. शेपटी वर जाऊन गोल वळते, म्हणून सरांनी नाव ठेवलं वेलांटी. कुत्रीचंसुद्धा व्याकरण केलं.

ग्लुकोजचं बिस्किट टाकलं. ती जवळ आली. मी पाण्याच्या टाकीवर चढलो. मी कुत्र्यांना भीत नाही. टाकीचं झाकण बघायचं राहिलं होतं.

१९ जानेवारी

बिस्किट चाटते आणि सोडून देते. मास्तराचीच. प्रत्येक गोष्टीत खोट काढते.

२४ जानेवारी

यश. गाजर खाते. गाजर! संध्यानं हलव्यासाठी आणलेली अर्धा किलो गाजरं संपली. संध्याला सांगितलं, डोळ्यांसाठी मीच कच्ची खातो. तिनं आता रोज मला एक गाजर ताटात वाढायला सुरुवात केली. मोहिमेत त्याग आलाच.

२ फेब्रुवारी

हेरगिरीचा अहवाल. पुढं उपयोगी पडेल.

कुकरची शिट्टी झाली की ही खुर्चीखाली जाते. प्लास्टिकची पिशवी वाजली तर कान पाडते. खूश झाली की शिंकते. बसताना माझ्या डाव्या पायावरच बसते, उजव्यावर नाही. का ते अजून कळलेलं नाही. पाठ टेकवून झोपते. एकदा झोपली की पाय हलवता येत नाही, मुंग्या येतात. आज चाळीस मिनिटं तसाच बसलो. तिला संशय येऊ नये म्हणून.

संध्या म्हणाली, कुत्रीशी कशाला बोलत बसता? मी म्हणालो, मी बोलत नाही, उलटतपासणी घेतो.

११ फेब्रुवारी

गाजरावर भागेना. भाजी मंडईच्या मागं हैदरभाईंचं मटणाचं दुकान आहे, तिथं गेलो. आमच्या घरात माळकरी सासू येऊन-जाऊन असते, मटण बंद. हैदरभाईंना म्हणालो, थोडी कलेजी, पाहुण्यांसाठी. किती पाहुणे, त्यांनी विचारलं. एक, म्हणालो. हैदरभाई म्हणाले, पाहुणा लई लाडका दिसतो.

मागच्या अंगणात स्टोव्हवर उकडली. वेलांटीनं पाच वेळा शिंक दिली. सरांची हार आता ठरलेली.

१८ फेब्रुवारी

आता ती साडेसहालाच भिंतीतून येते. भुकेली असते बिचारी. मास्तर काटकसर करत असणार. पेन्शन भरपूर, पण मन छोटं. ज्याला मुक्या जिवाला पोटभर घालता येत नाही, तो माझी वेलांटी काढतो.

आज बदल्याच्या दिवशी म्हणायचं वाक्य तयार केलं. पाठ करतोय. "सर, शब्द तुमचे असतील, पण जीव माझ्याकडं आला." शब्दकोशात बघून घेतलं, एकही चूक नाही.

सर रोज सहाला आपल्याच ओट्यावर एकटे चहा पितात. कप दोन ठेवतात. मला खिजवायला.

२३ फेब्रुवारी, रविवार

तालीम घ्यायची म्हणून आज धाडस केलं. सर गल्लीत वेलांटीला फिरवत होते. मी फाटकातून हळूच चुटकी वाजवली. तिनं माझ्याकडं बघितलं, शेपटी हलवली, आणि सरांच्या चपलेवर जाऊन बसली. डाव्या.

सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली, वर्गात चुकीचं उत्तर आल्यासारखी. कलेजी दुप्पट करावी लागेल.

१ मार्च, सकाळी १०

काहीतरी झालंय. साडेसहाला आली, दोनदा ओकली आणि शेवग्याखाली पडून राहिली. गाजराकडं बघेना. नाक गरम. मी हाक मारली तर फक्त उभा कान हलवला.

मी तिला मारलं का? बदला सरांचा घ्यायचा होता. हिचा नाही.

१ मार्च, दुपारी ३.३०

आत्ताच परत आलो. आज शब्दकोश बघत नाही.

टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर तरुण मुलगी आहे, डॉ. रुक्सार. तिनं पोट दाबून बघितलं, ताप बघितला, इंजेक्शन दिलं. मग मला विचारलं, काय खायला घालता? मी खरं सांगितलं. कलेजी, रोज, दोन वेळा, वरून तूप लावलेली पोळी.

ती म्हणाली, "अंकल, एवढीशी कुत्री आणि तुम्ही वाघाचं जेवण देऊ राहिले. हिचं पोट बिघडलंय. तीन दिवस भात न् दही, बाकी काही नाही. बच जाएगी, घाबरू नका."

मी म्हणालो, मी घाबरलेलो नाही. तिनं मला खुर्ची दिली आणि पाणीसुद्धा दिलं.

जात विचारली तर म्हणाली, तीन-चार घराण्यांचं मिश्रण आहे, पण असे कुत्रे चिवट असतात. कागदावर मालकाचं नाव लिहायचं होतं. मी गोकुळ औताडे सांगून टाकलं. घाईत.

परत येताना ती टॉवेलातून तोंड काढून माझी हनुवटी चाटत होती. मोहीम यशस्वी झाली असं म्हणायला हरकत नव्हती. पण म्हणावंसं वाटलं नाही.

१ मार्च, संध्याकाळी ७

सरांना सांगावं लागणार होतं. दीड महिन्यानं त्यांच्या दारात गेलो, वेलांटी कडेवर. सांगितलं की हिला मी कलेजी घालत होतो, आजारी पडली, डॉक्टरांकडं नेली. का घालत होतो ते सांगितलं नाही.

वाटलं, ओरडतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. सरांनी दार पूर्ण उघडलं, बस म्हणाले. मी बसलो नाही. मग बसलो, कारण वेलांटी जड झाली होती.

सर म्हणाले, "गोकुळ, दीड महिना झाला, मी तिला सकाळचं खायला देत नाही. उपाशी ठेवल्याशिवाय तिनं तुझ्या हातचं खाल्लं नसतं."

मला कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं, शिकवल्यासारखं. डिसेंबरात पडल्यापासून तनुजा मागं लागलीय, नाशिकला या, एकटे राहू नका. मार्चमध्ये जायचं ठरलंय. पण तिच्या मुलाला दमा, घरात कुत्रं चालत नाही. कॉलनीत पाच घरी सरांनी विचारून बघितलं. कुणी हो म्हणालं नाही. मग एक दिवस त्यांनी खिडकीतून बघितलं की मी टाकीवर उभा राहून बिस्किटं टाकतोय.

मी म्हणालो, सर, मला सरळ विचारायचं होतं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. तू माझ्यावर रागावलेला होतास, आणि त्या रागातच तिला जवळ करत होतास. तो राग मी निवू दिला नाही, रोज दुसरा कप ठेवून वाढवत राहिलो." मग म्हणाले, "तपासायला नको होती तुझी सूचना. सवय आहे हाताला."

माझं पाठ केलेलं वाक्य त्या वेळी आठवलंच नाही.

२ मार्च

शांतपणे विचार केला. याचा सरळ अर्थ असा की शत्रू शरण आला. स्वतःहून कुत्री देऊन चालला. विजय माझाच.

तरी रात्रभर झोप लागली नाही. माझा बदला त्या माणसानं आधीच वाचून, तपासून, सही करून ठेवला होता.

निश्चय: निरोप द्यायला जायचं नाही.

९ मार्च, रविवार

सर गेले. तनुजा गाडी घेऊन आली होती. संध्यानं डबा दिला, पाया पडली, रडली. मी गच्चीवर होतो. पाण्याचा दिवस होता, टाकीत पाइप धरायला कुणीतरी पाहिजे.

सरांनी गाडीत बसताना वर बघितलं आणि हात केला. माझे दोन्ही हात पाइपला होते.

टाकी भरून वाहायला लागली तेव्हा गाडी वळून गेलेली होती.

वेलांटीला आतल्या खोलीत बांधलं होतं. ती भुंकली नाही. खाली आलो तेव्हा दाराकडं तोंड करून उभी होती.

१० मार्च

तिनं दोरी कुरतडली, भगदाडातून पलीकडं गेली आणि सरांच्या कुलूप लावलेल्या दारासमोर बसली. भात तिथंच नेऊन ठेवला. खाल्ला नाही. गाजर नाही. कलेजी देता येत नाही.

पावणेदोन महिने खर्च केले मी हिच्यावर. हिला लाज नाही.

१२ मार्च, संध्याकाळी ६.२०

अजून तिथंच. गल्लीतले लोक बघतात. मला वाटायचं, त्यांनी ही बघावी माझ्याकडं पळत येताना. आता बघतात, मी हातात वाटी घेऊन दुसऱ्याच्या पायरीवर बसलोय.

एकटी आहे म्हणून शेजारी बसतो. भिंतीला पाठ टेकली की बरं वाटतं. सहा वाजता इथून आमचा ओटा दिसतो. रिकामा ओटा एवढा मोठा दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

संध्यानं दोन कप चहा आणून ठेवला. एक कुणासाठी, म्हणून विचारलं. ती म्हणाली, चुकून झाला.

१३ मार्च

डॉ. रुक्सारला फोन केला. म्हणाली, मालकाचा आवाज ऐकवून बघा, कधीकधी खातात. मालक मीच आहे, कागदावर नाव आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, जी अंकल, पण पहिल्या मालकाचा.

मी त्या माणसाला फोन करणार नाही. कदापि नाही.

१४ मार्च, सकाळी ११

केला. फक्त जनावरासाठी.

स्पीकरवर टाकला. सर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "वेलांटी, ऊठ. गोकुळ आणतो ते खा. तो चुका करतो, पण माणूस चांगला आहे."

तिनं फोनच्या मागं जाऊन बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग वाटीतला भात खाल्ला, सगळा, आणि माझ्या डाव्या पायावर येऊन बसली.

सरांनी विचारलं, खाल्लं का? मी म्हणालो, हो. मग विचारलं, तू जेवलास का? मी फोन ठेवला. रेंज नव्हती.

१५ मार्च

निश्चय: कुत्रीच्या तब्येतीसाठी रोज सहाला सरांना फोन लावायचा. दोन मिनिटं. तिनं आवाज ऐकला की बंद. मी त्यात एक शब्द बोलायचा नाही. वैर कायम आहे.

१६ मार्च

दोन मिनिटं. मी बोललो नाही. फक्त नाशिकला थंडी आहे का, एवढं विचारलं.

१९ मार्च

नऊ मिनिटं. त्यांच्या नातवाला मराठीत चौदा मार्क पडले, पन्नासपैकी. लई हसलो. सरसुद्धा हसले. बदल्याचा काही भाग वसूल झाला असं धरतो.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळी ७

सहाला फोन लावला. एक्केचाळीस मिनिटं बोललो. ठेवल्यावर लक्षात आलं, वेलांटी ओट्यावर नव्हतीच. आत सोफ्यावर झोपली होती, जेवून, तास झाला.